सहा वादक, बारा घंटा: नाताळगीत हँडबेलसाठी कसं बांधावं

गीतपुस्तकातलं चार आवाजांचं नोटेशन उघडायचं आणि त्यातले स्वर जसेच्या तसे घंटांना वाटून द्यायचे, असं केलं की पहिल्याच तालमीत सगळा गलका होतो. ते नोटेशन माणसांच्या गळ्यांसाठी लिहिलेलं असतं. गळा पुढच्या स्वरावर गेला की आधीचा स्वर आपोआप संपतो. घंटेचा संपत नाही. तो कुणीतरी हाताने थांबवावा लागतो, आणि तेवढा वेळ तो हात अडकून राहतो. म्हणून मी आधी हात मोजते, मग घंटा, आणि हार्मनीचा (चालीबरोबर वाजणाऱ्या साथीच्या स्वरांचा) विचार सगळ्यात शेवटी करते. छोट्या गटासाठी हाच क्रम उपयोगी पडतो. पुढे जे लिहिलं आहे ते सहा वादक आणि बारा घंटा असा हिशेब धरून.

हे वाद्य मूळचं इंग्लंडचं. चर्चच्या मनोऱ्यातल्या मोठ्या घंटा ठरावीक क्रमाने वाजवणारे लोक थंडीत, गावाला त्रास न देता सराव करता यावा म्हणून हातातल्या छोट्या घंटा वापरत. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला विल्टशरमधल्या ऑल्डबर्न गावात कॉर बंधू अशा सुरात लावलेल्या घंटा ओतत होते. अमेरिकेत हे वाद्य रुजलं ते बॉस्टनच्या मार्गारेट शर्क्लिफ यांच्यामुळे. १९०२ मध्ये लंडनहून त्यांना हँडबेलचा एक छोटा संच भेट मिळाला होता. १९५४ मध्ये तिथे वादकांचं राष्ट्रीय गिल्ड उभं राहिलं आणि चर्चमधल्या उपासनेत हँडबेलचे गट नेहमीचे झाले. लंडनची घंटा ओतणारी व्हाइटचॅपल ओतशाळा २०१७ मध्ये बंद झाली. आज बाजारात प्रामुख्याने पेनसिल्व्हेनियातल्या शुलमरिक आणि मालमार्क या दोन कंपन्यांच्या घंटा दिसतात. ज्यांना त्या परवडत नाहीत ते ॲल्युमिनियमच्या नळ्यांच्या हँडचाइम घेतात. खाली सांगितलेली बांधणी त्यांवरही चालते.

आधी संच नीट ओळखा

हँडबेलवर स्वराचं नाव आणि आकडा कोरलेला असतो. सी५ म्हणजे कागदावर जिथे पियानोचा मधला सी लिहितात, तिथे लिहिली जाणारी घंटा. ती वाजते मात्र एक सप्तक वर. हे डोक्यात पक्कं बसलं पाहिजे, कारण घंटांना खर्ज जवळजवळ नसतोच. तुम्ही कागदावर भरदार बास लिहिलात तरी तो ऐकायला येणार स्त्रियांच्या आवाजाच्या पट्टीत. खालचा भार पियानो, ऑर्गन किंवा चेलोकडे द्या, नाहीतर घंटांचा हलकेपणा हेच गीताचं रूप म्हणून स्वीकारा. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो.

आपल्या बारा घंटा अशा: सी५, डी५, ई५, एफ५, जी५, ए५, बी५, सी६, डी६, ई६, एफ६, जी६. सगळ्या पांढऱ्या पट्ट्या, दीड सप्तक. प्रत्येक वादकाला शेजारशेजारच्या दोन. खालची डाव्या हातात, वरची उजव्या. पहिल्याकडे सी५–डी५, दुसऱ्याकडे ई५–एफ५, तिसऱ्याकडे जी५–ए५, चौथ्याकडे बी५–सी६, पाचव्याकडे डी६–ई६ आणि सहाव्याकडे एफ६–जी६. टेबलावर जाड फोम आणि त्यावर कापड; घंटा प्रेक्षकांच्या नजरेने नव्हे तर वादकांच्या नजरेने डावीकडून उजवीकडे चढत्या क्रमाने. हातमोजे घालायचे, कारण तांबं आणि कथील यांच्या मिश्रधातूवर घामाचे डाग पडतात.

गीत निवडताना फक्त दोन गोष्टी बघा

चाल किती स्वरांत फिरते आणि तिला काळ्या पट्ट्या लागतात का, एवढंच. बाकी सगळं नंतर जमवता येतं.

‘जॉय टू द वर्ल्ड’ची चाल एका सप्तकाच्या बाहेर जात नाही. पहिली ओळ म्हणजे वरच्या सा पासून खालच्या सा पर्यंतचा सरळ अवरोह. सी५ ते सी६, आठ घंटा, चार वादक. नव्या गटाचं पहिलं गीत म्हणून उत्तम. पुढे एकच स्वर भराभर चार-पाच वेळा येतो तिथे प्रत्येक आघात वाजवायचा अट्टहास करू नका. मात्रेवरचे वाजवा, मधले शब्दांवर सोडा.

‘अमेझिंग ग्रेस’ची चाल तर आपल्या भूपातल्या पाच स्वरांत आहे: सा, रे, ग, प, ध. मंद्र पंचमापासून मध्य पंचमापर्यंत, एकूण सहा घंटा. सा एफ५ वर धरा, म्हणजे हार्मोनिअमच्या भाषेत पांढरी चार. मग चाल सी५ ते सी६ मध्ये नेमकी बसते. म आणि नी नसल्यामुळे स्वर एकमेकांत मिसळले तरी कानाला खुपत नाहीत, म्हणून इथे घंटा न थांबवता गुंजू देता येतात. अडचण एकच: या पट्टीतल्या चौथ्या कॉर्डला (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे तीन स्वर) काळी पाच, म्हणजे बी फ्लॅट, लागते आणि ती आपल्याकडे नाही. त्या जागी डी६ आणि एफ६ ही जोडी वाजवा. कॉर्डचा तिसरा आणि पाचवा स्वर मिळतो, मूळ स्वर ऐकणारा मनात भरून घेतो.

‘व्हॉट चाइल्ड इज धिस’ सुरुवातीला टाळा. ती ‘ग्रीनस्लीव्ह्ज’ची चाल आहे. ई मायनरमध्ये तिला डी आणि डी शार्प (डी च्या लगेच वरची काळी पट्टी) दोन्ही लागतात, तेही जवळजवळ. वादकाला चालू गीतात एक घंटा ठेवून दुसरी उचलावी लागते. ते जमतं, पण पहिल्या वर्षी नको. ‘ओ कम ऑल यी फेथफुल’ची चाल सोपी आहे, पण जी मेजरमध्ये एफ शार्प हवाच आणि नेहमीच्या हार्मनीत सी शार्पही येतो. बारा पांढऱ्या घंटांत ते सी मेजरला (म्हणजे सी ला सा धरून) आणून बसवायला गेलात तर चाल मंद्र पंचमापर्यंत उतरते आणि ती घंटा तुमच्याकडे नसते.

राहतं ‘सायलेंट नाइट’, आणि तेच आपण इथे पूर्ण बांधू. फ्रान्झ ग्रुबर यांनी १८१८ च्या नाताळच्या आदल्या दिवशी ऑस्ट्रियातल्या ओबर्नडॉर्फ गावी योसेफ मोर यांच्या शब्दांना ही चाल दिली. त्या रात्री साथीला गिटार होती, म्हणजे थोडक्या सुरांवर उभं राहणं या गीताला जन्मापासून ठाऊक आहे. सी मेजरमध्ये ही चाल सी५ ते एफ६ एवढी जाते आणि तिला एकही काळी पट्टी लागत नाही. अकरा स्वर चालीचे, बारावी जी६ रंगासाठी मोकळी.

चाल आधी हातांवर मांडा

कागदावर तीन मात्रांचे चोवीस बार, म्हणजे उभ्या रेघांमधले खाने, आखा. मूळ लेखन सहा-आठच्या ठेक्याचं आहे, पण तालमीत मोजायला तीन मात्रा सोप्या. आता फक्त चाल लिहा आणि प्रत्येक स्वराखाली वादकाचा क्रमांक टाका.

पहिला बार प–ध–प: जी५, ए५, जी५. तिन्ही स्वर तिसऱ्या वादकाचे, उजवा-डावा हात आलटून पालटून. दुसरा बार लांब ग, ई५, दुसऱ्या वादकाचा. तिसरा-चौथा बार तसाच. पाच आणि सहामध्ये डी६, डी६, बी५; सात-आठमध्ये सी६, सी६, जी५. नववा बार ए५, ए५. दहावा सी६, बी५, ए५. अकरा-बारा पुन्हा प–ध–प–ग. तेरा ते सोळा ही नऊ ते बाराची पुनरावृत्ती. सतराव्यात डी६ दोनदा, अठराव्यात एफ६, डी६, बी५. एकोणिसावा पूर्ण सी६, विसावा पूर्ण ई६. एकविसाव्यात सी६, जी५, ई५. बाविसाव्यात जी५, एफ५, डी५. आणि तेविसाव्या-चोविसाव्यात सी५.

हे क्रमांक एकदा सलग वाचा. पहिल्या चार बारमध्ये दोन आणि तीन सोडून कुणालाच काम नाही. अठराव्या बारमध्ये चाल सहा, पाच, चार अशी टेबलावरून डावीकडे सरकते आणि बाविसाव्यात तीन, दोन, एक अशी पहिल्या वादकापर्यंत पोचते. अरेंजमेंटचा सगळा नकाशा या आकड्यांत आहे. जिथे ज्याचे हात रिकामे, तिथेच त्याला साथ द्यायची. चालीतल्या हाताला साथीचं ओझं देऊ नका; नवखा वादक त्या क्षणी चालच चुकवतो.

मग साथ, तीही काटकसरीने

या गीताला तीन कॉर्ड पुरतात. पहिले चार बार सी, पाच-सहा जी, सात-आठ सी, नऊ-दहा एफ, अकरा-बारा सी, तेरा-चौदा एफ, पंधरा-सोळा सी, सतरा-अठरा जी, एकोणीस ते एकवीस सी, बावीस जी, आणि शेवटी सी.

पहिल्या कडव्यात प्रत्येक बारच्या पहिल्या मात्रेला एकच खालचा स्वर ठेवा. सी कॉर्डला सी५, जी कॉर्डला डी५ किंवा जी५, एफ कॉर्डला एफ५. बस्स. अनेकांना हे फार उघडं वाटतं आणि ते लगेच तीन-तीन स्वरांचे कॉर्ड भरायला घेतात. तसं करू नये याला वाद्याच्या घडणीतलं कारण आहे. इंग्लिश पद्धतीच्या हँडबेलमध्ये मूळ स्वराबरोबर त्याचा वरच्या सप्तकातला पंचम ठळक ऐकू येतो. कारखान्यात घंटा तशीच लावलेली असते. म्हणजे सी५ वाजली की वरचा जी तिच्यात आहेच. पण ई५ वाजली की तिच्यातून वरचा बी डोकावतो, आणि तो सी कॉर्डमधल्या सी ला घासतो. म्हणून गांधार एकदाच घ्यायचा, दुप्पट करायचा नाही. या गीतात दुसऱ्या, चौथ्या, बाराव्या आणि सोळाव्या बारला चालच गांधारावर थांबते. तिथे साथीला फक्त सी आणि जी ठेवा.

दुसऱ्या कडव्यात रिकाम्या हातांना उत्तर द्यायला लावा. दुसऱ्या आणि चौथ्या बारमध्ये चाल ई५ वर थांबलेली असताना दुसऱ्या मात्रेला चौथा वादक सी६ आणि तिसऱ्या मात्रेला सहावा जी६, अगदी हळू. आठव्या बारमध्ये जी५ लांबलेला असताना पाचव्याने ई६ एकदा. वरच्या घंटा लहान असल्या तरी त्यांचा आवाज आरपार जातो. जोरात वाजल्या तर ऐकणारा त्यांनाच चाल समजतो. कागदावर तिथे ‘अत्यंत मंद’ असं स्पष्ट लिहा.

चाल दोन सप्तकांत एकदम वाजवून भरीव करावी असं कुणीतरी सुचवतंच. मोठ्या संचात ते सुंदर लागतं. आपल्याकडे ए६ नाही, म्हणजे दुसऱ्याच स्वरावर जोडी तुटते. तो मोह सोडून द्या.

शेवटाकडे विशेष लक्ष हवं. बाविसाव्या बारमध्ये चाल जी५, एफ५, डी५ अशी खाली उतरते. इथे पहिल्या वादकाचा डी५ चालीचा आहे, म्हणून तो बासला मागायचा नाही. साथीला बी५ एकटी पुरे, पहिल्या मात्रेला. तेविसाव्यात चाल सी५ वर येते, म्हणजे संचातली सगळ्यात खालची घंटाच चाल होते आणि वर सगळं मोकळं उरतं. तिच्यावर पूर्ण कॉर्ड एकदम आपटला तर चाल बुडते. मी असं लिहिते: पहिल्या मात्रेला सी५ एकटी, दुसऱ्याला जी५, तिसऱ्याला सी६, चोविसाव्याच्या पहिल्या मात्रेला ई६, आणि एकही घंटा थांबवायची नाही. गांधार एकदाच, तोही वर, त्यामुळे सूर स्वच्छ राहतो.

थांबवणं हेही लिहायचं असतं

घंटा खांद्याला किंवा छातीच्या वरच्या भागाला हलकेच टेकवली की थांबते. नोटेशनमध्ये स्वराची लांबी जेवढी, तेवढाच वेळ ती गुंजली पाहिजे. हा मूळ नियम. अपवाद करायचा तिथे ‘एलव्ही’ अशी खूण करतात, म्हणजे गुंजू द्या. ही खूण मनाला येईल तशी वाटू नका. पहिल्या बारमध्ये सी५ गुंजू द्यायला हरकत नाही, पण ए५ वेळेवर थांबलाच पाहिजे, नाहीतर प आणि ध एकमेकांवर चढतात आणि पहिल्याच शब्दाचा गोडवा जातो. कॉर्ड बदलताना आधीच्या सगळ्या घंटा थांबतात. बाराव्याकडून तेराव्या बारकडे जाताना सी वरून एफ होतो, तिथे ई५ चालू राहिली तर एफ५ शी तिचं अर्ध्या सुराचं भांडण होतं, आणि त्या दोन्ही घंटा एकाच वादकाच्या हातात असतात. त्याच्या कागदावर तिथे लाल खूण हवी.

घंटा टेबलावर आपटून काढायचा तुटक आवाज, मॅलेटचा (छोट्या हातोडीचा) ठोका, घंटा सलग हलवत ठेवण्याचं शेक, अशी अनेक तंत्रं आहेत. ‘जॉय टू द वर्ल्ड’च्या शेवटच्या लांब स्वरावर शेक शोभतो. ‘सायलेंट नाइट’मध्ये मला यातलं काहीही नको वाटतं. तंत्र दाखवायला गीत वापरू नये.

कागद कसा असावा

सगळ्यांना एकच पूर्ण नोटेशन द्या, प्रत्येकाचा वेगळा भाग नको. हँडबेलवादक इतरांचे स्वर बघत मोजतो. वरच्या कोपऱ्यात गीताला लागणाऱ्या घंटांची ओळ लिहा, म्हणजे टेबल मांडणाऱ्याला विचारावं लागत नाही. बार क्रमांक प्रत्येक बारवर. मोठ्या संचांच्या प्रथेत मधला सी आणि त्याखालचे स्वर बास क्लेफमध्ये (खालच्या स्वरांच्या रेघांवर), डी पासून वरचे ट्रेबलमध्ये (वरच्या स्वरांच्या रेघांवर) लिहितात. आपल्या बारा घंटांना सगळं ट्रेबलमध्ये ठेवलं तरी वाचायला अडत नाही. मग प्रत्येक वादकाने आपले स्वर स्वतः रंगवायचे: डाव्या हाताचा एक रंग, उजव्याचा दुसरा. हे काम दुसऱ्याने करून देऊ नये. रंगवता रंगवताच वादक गीत पहिल्यांदा वाचतो.

नोटेशन वाचता न येणारे असतील तर बारखाली सारेगम लिहा आणि वर मात्रांचे आकडे. पांढरी एक सा धरली की सी५ सा, जी५ प, सी६ तार सा. आपल्याकडच्या मुलांना ते लगेच उमगतं.

ग्रुबरची चाल कुणाच्याही परवानगीशिवाय वापरता येते. पण एखाद्या अलीकडच्या अरेंजमेंटची झेरॉक्स काढून वाटणं वेगळं. भारतात रचनाकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत हक्क राहतात, आणि नवा अनुवाद किंवा नवी हार्मनी यांनाही तोच नियम लागतो. तुमची बांधणी तुम्ही मूळ चालीवरून स्वतः केलीत की प्रश्न मिटतो.

चर्चमध्ये जमलेली मंडळी गाणार असेल तर

गाताना शब्दांचे तुकडे पडतात. मराठी अनुवादात तर एका लांब स्वरावर दोन-तीन अक्षरं येतात. घंटांनी त्या प्रत्येक अक्षराला वाजू नये. चालीचं मूळ माप धरून ठेवावं. गाण्याआधी शेवटचे चार बार, म्हणजे एकवीस ते चोवीस, एकदा वाजवा. तेवढ्यात पट्टी आणि लय दोन्ही मिळतात. मंडळी गायला लागली की घंटांची चाल काढून टाका आणि फक्त साथ ठेवा, कारण दोनशे आवाजांपुढे चाल ऐकू येत नाही, पण वरचे सी६–जी६ ऐकू येतात. सी मेजरमध्ये अठराव्या बारचा वरचा मध्यम पुरुषांना जरा चढा जातो. तिथे लय किंचित सैल सोडा.

मराठी भजनं घंटांवर आणायची असतील, तर बेत वेगळा हवा. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी ख्रिस्ती भक्ती अभंग-ओवीच्या वळणावर नेली आणि ती गीतं मंडळ्यांमधून आजही टाळ-तबल्यावर गातात. त्या चालींतल्या मींडा, हरकती घंटेतून निघत नाहीत, आणि खाली सी-एफ-जी कॉर्ड घातले की रागाचा रंग उडतो. तिथे चाल गळ्यालाच राहू द्या. घंटांनी समेवर सा आणि प एकत्र वाजवायचे आणि पुढची सम येईपर्यंत गुंजू द्यायचे. ओळ संपते तिथे वरचा सा एकदा. पट्टी हार्मोनिअमवाल्याला विचारून आधी ठरवा. काळी एक किंवा काळी दोनला गाणारे असतील तर पांढऱ्या घंटा कामाच्या नाहीत. गायकांना पांढरी एक किंवा पांढरी दोनवर यायची विनंती करा.

तालीम, आणि एक जण आलाच नाही तर

पहिल्या तालमीत घंटा टेबलावरच ठेवा. सगळ्यांनी मोठ्याने एक-दोन-तीन मोजायचं आणि आपला स्वर आला की हात हलवायचा. दुसऱ्या फेरीत फक्त चाल, मग फक्त साथ, मग दोन्ही. चाल एका वादकाकडून दुसऱ्याकडे जाते तिथे जोर सारखा राहतो का ते नीट ऐका. पहिल्या बारमधून दुसऱ्यात जाताना ई५ हटकून जास्त वाजते, कारण दुसरा वादक बराच वेळ थांबून आपल्या एका स्वराची वाट बघत असतो.

नाताळच्या सकाळी कुणीतरी आजारी पडतं, म्हणून पाच जणांची तयारी आधीच करून ठेवा. सहावा नसेल तर सगळ्यात कमी मोडतोड होते. जी६ फक्त दुसऱ्या कडव्यातल्या उत्तरांत आहे, ती गाळा. एफ६ चालीत एकदाच येते, अठराव्या बारच्या पहिल्या मात्रेला. पाचव्या वादकाने सोळाव्या बारमध्ये ई६ ठेवून उजव्या हातात एफ६ उचलायची, सतराव्यात डाव्याने डी६ दोनदा, अठराव्यात उजव्याने एफ६ आणि लगेच डाव्याने डी६. एकोणिसावा बार चौथ्या वादकाचा लांब सी६. त्या तीन मात्रांत एफ६ फोमवर ठेवायची आणि ई६ उचलून विसाव्यासाठी तयार राहायचं. हा बदल शेवटच्या दोन तालमींत सहावा वादक हजर असतानाही करून बघा, आणि ई६ कुठे ठेवायची ती जागा फोमवर खडूने आखून ठेवा.